फिरत्या शाळांचे ज्ञानदान

ज्ञानदान श्रेष्ठ आहे, हे सर्वच समाज मानतात. परंतु ज्याच्या घरी लहान मुलालाही पोटासाठी राबावे लागते, त्या घरापर्यंत विद्या न्यावी कशी, हा प्रश्न थोड्यांनीच सोडविला. अठराव्या शतकात ब्रिटनमधील वेल्समध्ये ग्रिफिथ जोन्स या धर्मगुरूंनी तो सोडविला.

इंग्लंडप्रमाणे वेल्समध्येही त्याआधी धर्मादाय शाळा निघाल्या होत्या. पण तेथे बहुतेक शिक्षण इंग्रजीतून चाले आणि गरिबांची मुले केवळ वेल्श जाणत. शिवाय शेतीच्या हंगामात मुलांना शाळेत पाठविणे आईबापांना परवडत नसे. ही अडचण ओळखून जोन्स यांनी 1731 च्या सुमारास फिरत्या शाळा सुरू केल्या. शेतीची कामे मंदावली, विशेषतः हिवाळ्यात, की शिक्षक गावात येई. चर्चमध्ये किंवा एखाद्या कोठारात सुमारे तीन महिने शाळा भरे आणि मग शिक्षक पुढच्या गावी जाई. शिक्षण मातृभाषेतून व विनामूल्य होते. दिवसा ज्यांना सवड नसे, अशी प्रौढ माणसे रात्री येत. धर्मग्रंथ वाचता यावा एवढाच हेतू असल्याने लेखन व गणित शिकवीत नसत. ही मर्यादा खरी. तथापि 1761 मध्ये जोन्स निवर्तले, तोपर्यंत तीन हजारांहून अधिक शाळा भरून सुमारे दीड लाख लोकांनी त्यांचा लाभ घेतला होता.

या कार्यामागे दात्यांचे बळ होते. जोन्स दरवर्षी अहवाल छापून शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या देणगीदारांपुढे ठेवीत. त्यांच्या प्रमुख साहाय्यक ब्रिजेट बेव्हन या विदुषींनी त्यांच्यामागे अठरा वर्षे ही धुरा वाहिली. 1779 मध्ये त्या वारल्या, तेव्हा त्यांनी शाळांसाठी 10,000 पौंड ठेवले होते. परंतु मृत्युपत्रावर आक्षेप घेतला गेला, प्रकरण चॅन्सरी न्यायालयात गेले आणि निधी अडकला. शाळा बंद पडल्या. थॉमस चार्ल्स यांनी 1785 च्या सुमारास उत्तर वेल्समध्ये नव्याने फिरत्या शाळा काढल्या, म्हणून परंपरा पूर्ण तुटली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी निधी मोकळा झाला, तेव्हा व्याजासह तो 30,000 पौंडांच्या घरात गेला होता. द्रव्य तिप्पट झाले होते. मात्र मधल्या काळात ज्या मुलांचे शिकण्याचे वय निघून गेले, त्यांना त्यातील एका पैचाही उपयोग झाला नाही. दान करताना ते योग्य वेळी योग्य हाती पोहोचेल, याची व्यवस्था करणे हाही दानधर्माचाच भाग होय.