खासबाग : एका लहान संस्थानाचे सार्वजनिक अंगण

संस्थांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे शाळा, वसतिगृहे, धर्मशाळा, ग्रंथालये यांची नोंद आवर्जून होते. मैदानांची मात्र होत नाही. जेथे आखाडे भरले, नाटके रंगली, लोक जमले, ती जागा कोणी दिली, कोणत्या हेतूने दिली आणि देणाऱ्याच्या पश्चात ती कोणी सांभाळली, असे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने कोल्हापूरच्या खासबाग मैदानाची हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे. दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाजाच्या सामाजिक जागृतीचे एक केंद्रच कोल्हापुरात होते. साहजिकच या मैदानाचा आणि आपला संबंध अगदीच दूरचा नाही.

इ. स. १९०२ मध्ये राजर्षी शाहू छत्रपती सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी विलायतेस गेले. ते तिकडे असतानाच, २६ जुलै १९०२ रोजी, संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा त्यांचा प्रसिद्ध हुकूम निघाला. या हुकुमाची चर्चा शंभर वर्षे चालू आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्याच प्रवासात महाराजांनी रोम नगरीतील प्राचीन कलोसियम पाहिले आणि आपल्या गावीही असे एखादे प्रेक्षागार असावे, ही कल्पना त्यांच्या मनात रुजली, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. १९०७ मध्ये खासबागेत कामास आरंभ झाला व १९१२ मध्ये मैदान पूर्ण झाले. त्या वर्षीच्या पहिल्या मोठ्या लढतीत गामा पैलवानाचे बंधू इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन हे मल्ल समोरासमोर उभे राहिले होते.

खासबाग ही कलोसियमची प्रतिकृती, असे अनेकदा लिहिले जाते. आमच्या मते हे विधान अर्धेच खरे आहे. कलोसियम ही कमानींवर कमानी चढवून आकाशाकडे नेलेली दगडी वास्तू. खासबाग हे मातीचे मैदान. मध्यभागी कुस्तीचा हौद आणि त्याच्या सभोवार चढत गेलेली वर्तुळाकार बैठक, अशी त्याची रचना आहे. कोठेही बसले तरी हौद नजरेच्या टप्प्यात राहतो. पुढच्याच्या डोक्याआडून मान वाकडी करून पाहावे लागत नाही. मोठ्या मानकऱ्याला जी कुस्ती दिसते, तीच मागच्या टोकाला बसलेल्या शेतकऱ्यालाही दिसते. रोमकडून उचलले ते एवढेच : सर्वांना सारखे दिसले पाहिजे हे तत्त्व. दगड, कमानी, थाटमाट तेथेच राहिला.

आणखी एक मोठा भेद आहे व तो जैन वाचकांस विशेष जाणवेल. कलोसियममध्ये माणसे आणि पशू मारले जात आणि तोच तेथील करमणुकीचा भाग होता. खासबागेत शस्त्र नाही, रक्त नाही. हौदातील तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ राखली जाते, ती पडणाऱ्याला इजा होऊ नये म्हणूनच. पाठ टेकली की निकाल लागला. चितपट झालेला मल्ल उठून जिंकणाऱ्याच्या हातात हात देतो. अर्थात महाराजांच्या सर्वच छंदांविषयी असे म्हणता येणार नाही. हत्तींची साठमारीही त्यांच्याच कारकिर्दीत कोल्हापुरात होत असे आणि अहिंसेची चाड असणाऱ्या माणसाला तिचे कौतुक करणे कठीणच. पण काळाने निवाडा केला आहे : साठमारी केव्हाच इतिहासजमा झाली, कुस्ती टिकली.

आता या मैदानाचा सामाजिक अर्थ पाहू. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा, म्हणजेच पुढे दक्षिण भारत जैन सभा या नावाने ओळखली गेलेली आपली संस्था, स्थापन झाली. १९०१ मध्ये कोल्हापुरात जैन बोर्डिंग निघाले आणि त्यास शाहू महाराजांचा भक्कम आधार मिळाला. त्याच वर्षी मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग निघाले. पुढे मुसलमान, लिंगायत आणि इतर समाजांसाठी वसतिगृहे झाली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. दसरा चौकात उभे राहिले तर आजही जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगे जवळजवळ दिसतात. महाराजांनी हे जातवार वेगळेपण का स्वीकारले, याविषयी बरेच लिहिले गेले आहे. त्या काळी एका पंगतीत बसायला लोक तयार नव्हते. मग निदान प्रत्येकाच्या मुलाला शहरात राहून शिकता तरी यावे, हा व्यवहारी विचार त्यामागे होता. मात्र बोर्डिंगे निरनिराळी असली तरी मैदान एकच बांधले. जैनांसाठी एक आखाडा, मराठ्यांसाठी दुसरा, असे त्यांनी केले नाही. पंगत जमत नव्हती तेथे त्यांनी वेगळे छप्पर दिले. खेळ पाहायला मात्र एका बैठकीवर बसविले. खासबागेचे खरे महत्त्व आम्हांस येथे दिसते.

जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकलेले कर्मवीर भाऊराव पाटील यांना तरुणपणी कोल्हापुरात कुस्तीचा मोठा नाद होता, हे त्यांच्या चरित्रांतून दिसते. पुढे रयत शिक्षण संस्थेत त्यांनी सर्व जातींच्या मुलांना एकाच वसतिगृहात ठेवले. तालमीच्या मातीत ज्याने सर्वांशी अंगाला अंग भिडविले, त्याला हे अवघड वाटले नसावे, असे आमचे अनुमान आहे. याच समाजातील अण्णासाहेब लठ्ठे यांनी १९२४ मध्ये शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले आणि पुढे ते कोल्हापूरचे दिवाणही झाले.

मैदान केवळ कुस्तीपुरते राहिले नाही. त्याला लागूनच पॅलेस थिएटर उभारण्यात आले व १९१५ मध्ये ते खुले झाले. पुढे त्याला संगीत नाटकाचे थोर कलावंत केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. मैदानाच्या बाजूसही खुला रंगमंच आहे. एका भिंतीपलीकडे तालीम घुमते आहे आणि अलीकडे तंबोरा लागला आहे, असे जोडकाम इतरत्र क्वचितच आढळेल. मल्ल आणि गवई या दोघांनाही महाराजांनी एकाच अंगणात जागा दिली.

६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले, १ मार्च १९४९ रोजी संस्थान विलीन झाले. राजाश्रय गेला, तालमी मात्र चालू राहिल्या. १९५९ मध्ये पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे आणि त्यानंतर हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकर हे दोघेही कोल्हापूरच्याच तालमींत घडले. गल्लीबोळांतील तालमींनी पैलवान घडविले नसते, तर राजाने बांधलेले मैदान ओस पडले असते. वास्तू एकदा बांधता येते. तिच्यात वर्दळ ठेवण्याचे काम रोजचे असते आणि त्याला देणगीदार सहसा मिळत नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेच्या रंगमंचाकडील भागातून भडकलेल्या आगीत केशवराव भोसले नाट्यगृह जळून गेले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. शंभर वर्षांहून अधिक काळ टिकलेले काम काही तासांत गेले. त्या रात्री कलावंत आणि सामान्य नागरिक तेथे उभे राहून रडले. त्यानंतर शासनाच्या निधीतून पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. कोल्हापुरास जाणारे आपले बांधव दसरा चौकातील बोर्डिंग आवर्जून पाहतात. त्यांनी थोडी वाट वाकडी करून खासबागेतही जावे आणि बैठकीच्या सर्वांत वरच्या टोकाला बसून तेथून हौद कसा दिसतो, ते स्वतः पाहावे.