सिएनाच्या मोहल्ल्यांचे वैर

इटलीतल्या सिएना शहरात 17 मोहल्ले आहेत. तिथे त्यांना ‘कोन्त्रादा’ म्हणतात. दरवर्षी 2 जुलै आणि 16 ऑगस्टला मुख्य चौकात ‘पालिओ’ ही घोड्यांची शर्यत होते. 10 मोहल्ले, 3 फेऱ्या, घोड्यावर खोगीर नाही. घोडा चिठ्ठीने मिळतो. स्वार पडला तरी एकटा घोडा जिंकू शकतो. बक्षीस काय, तर रंगवलेला रेशमी झेंडा!

मी शिक्षक, मला शर्यतीपेक्षा त्यामागचे वैर जास्त शिकवून जाते. गोगलगाय आणि कासव ही चिन्हे असलेले दोन मोहल्ले एकमेकांना लागून आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी आहेत. आपण हरलो याचे दुःख होतेच. पण वैरी जिंकला तर ते सहनच होत नाही. म्हणून त्याला अडवण्यासाठी दुसऱ्या मोहल्ल्याच्या स्वाराला पैसे देण्याचे गुप्त करारही होतात.

1729 साली तिथल्या राज्यपाल व्हायोलांते यांनी मोहल्ल्यांच्या हद्दी ठरवून दिल्या. त्या आजही पाळल्या जातात. भांडण मिटले नाही, पण त्याला वेस मिळाली. नवरा-बायको वैरी मोहल्ल्यांतले असतील, तर काही जण शर्यतीच्या दिवसांत आपापल्या मोहल्ल्यात जातात आणि नंतर घरी परततात.

शेजाऱ्याशी चढाओढ आपल्या मोहल्ल्यांतही असते. ती असू द्यावी. पण तिला वेस हवी, आणि शर्यत संपल्यावर परतायला एक घर हवे.