काळी आणि पांढरी

दिवाळीची सुटी लागली, की घरोघरी मुलांचे किल्ले उठू लागतात आणि मातीला एकदम भाव येतो. गेल्या वर्षी नातवाच्या किल्ल्यासाठी मी पोते घेऊन लोणी काळभोरला एका ओळखीच्या बागाइतदारांच्या मळ्यात गेलो. तेथे विहिरीचे काम चालू होते. काठावरून डोकावलो, तो वर पुरुषभर काळी माती, खाली मुरूम आणि तळाशी काळा पाषाण. मळेवाले म्हणाले, "काका, माती लागेल तेवढी न्या. पण हा दगड बघा, सुरुंगालासुद्धा दाद देत नाही!"

हा दगड एके काळी पातळ होता, वाहत होता, असे मी सांगितले तेव्हा ते नुसते हसले.

ज्वालामुखी म्हटला, की शेंडा पेटलेला डोंगर आपल्या डोळ्यांपुढे येतो. आपल्याकडे घडले ते निराळे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि चुलीवरचे दूध उतू जावे तसा लाव्हा पसरला. निवला, थांबला, पुन्हा आला. मधल्या विसाव्यात वरचा दगड कुजून माती होई आणि पुढचा लाव्हा ती भाजून काढी. घाटातल्या कड्यांवरचे तांबडे पट्टे ते हेच. महाबळेश्वराकडे या थरांची जाडी किलोमीटरहून अधिक भरते. मुले ज्यांच्या प्रतिकृती करतात त्या सह्याद्रीच्या गडांचे ताशीव कडेही याच थरांचे.

त्या वेळी उद्ध्वस्त व्हायला ना गाव होते, ना शेत. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा येथे ज्यांची हाडे सापडली त्या अजस्र डायनोसॉरांचा तो काळ. तो दगड उन्हापावसाने कुजत गेला आणि त्याची काळी झाली. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी, पोटात ओल धरून रब्बीची ज्वारी पोसणारी. लोणीला खडकवासल्याच्या कालव्याचे पाणी आले आणि उसाचे मळे फुलले. मात्र ओल धरण्याचा हा गुण कधी अंगाशीही येतो. १८८५ साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पुढे पाण्याचा निचरा न झाल्याने त्या खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले हॅरॉल्ड मान यांनी १९१०च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला होता.

आपल्या जुन्या कागदपत्रांत शेतजमिनीला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. ज्वालामुखीनेही पुणे जिल्ह्याला एक पांढरी दिली आहे. पण ती येथल्या आगीची नव्हे. जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी येथे १९८०च्या दशकात डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आढळला, आणि तेथेच आदिमानवाच्या दगडी कुऱ्हाडीही. असाच थर कऱ्हाकाठी, मयूरेश्वराच्या मोरगावीही निघाला. ही राख सुमात्रातल्या टोबाची, म्हणजे सुमारे तीन हजार किलोमीटरांवरून आलेली, असे बहुतेकांचे मत. तिच्या वयावरून मात्र तज्ज्ञांत जुंपली आहे: कोणी चौदा लाख वर्षे म्हणतात, कोणी सहा-सात लाख, कोणी अवघी चौऱ्याहत्तर हजार. टोबा एकदाच पेटलेला नाही, हे खरे दुखणे!

वय काहीही असो, ती राख पडली तेव्हा कुकडीच्या खोऱ्यात माणसाचा वावर असावा, असे त्या कुऱ्हाडी पाहून वाटते. चारा, पाणी, शिकार, सारे राखेने माखले असेल. काळीचा लाभ आपल्याला झाला. पांढरी ज्यांच्या वाट्याला आली त्यांचे काय झाले?

बोरी याचे उत्तर देत नाही. आंध्रातले ज्वालापुरम (नावाचा योगायोग पाहा!) थोडेसे देते. तेथे टोबाच्या चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीच्या राखेखालची आणि राखेवरची दगडी हत्यारे पुष्कळशी एकाच घडणीची निघाली. त्यावरून माणसे त्यातून तगली असावीत, असे संशोधकांनी २००७ साली मांडले. सर्वांना ते पटलेले नाही. गंमत अशी, की त्या राखेचे थर उघडे पडले ते खाणींमुळे. धुण्या-घासण्याच्या पावडरीसाठी तेथले लोक ती राख खणून विकत होते.