समुद्री मत्स्यालयातील दोन रोगांचा इतिहास

खाऱ्या पाण्यातील मासे काचेच्या टाकीत जिवंत ठेवण्याची हौस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रुजली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी मत्स्यगृह खुले झाले आणि फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या पुस्तकामुळे ही हौस मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचली. या पहिल्या पिढीचे लक्ष मुख्यतः पाण्यातील प्राणवायू टिकविण्याकडे होते. माशांचे रोग हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. तोपर्यंत मोठ्या मत्स्यालयांत उष्ण कटिबंधातील प्रवाळी मासे येऊ लागले होते आणि तेच पाणी गाळून पुन्हा पुन्हा वापरले जात होते. खुल्या समुद्रात परजीवींची पिल्ले अफाट पाण्यात पांगतात आणि त्यांतील फार थोड्यांना आश्रय देणारा मासा सापडतो. टाकीत मात्र मासा कोठेही जाऊ शकत नाही आणि परजीवीची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा अनेक पटींनी मोठी होते. समुद्रात किरकोळ ठरणारा उपद्रव काचेआड प्राणघातक साथीचे रूप घेतो, याचे मूळ या फरकात आहे.

अशा साथींपैकी दोन रोगांनी समुद्री मत्स्यपालनाचा इतिहास घडविला. पहिल्याचा परजीवी ई. एम. ब्राउन यांनी १९३१ मध्ये समुद्री माशांच्या कल्ल्यांवरून व त्वचेवरून वर्णिला आणि त्यास ऊडिनियम ओसेलाटम असे नाव दिले. आज तो अॅमिलूडिनियम या प्रजातीत मोडतो आणि हौशी मंडळी त्यास ‘व्हेल्व्हेट’ म्हणतात. हा एकपेशीय जीव सूक्ष्म शैवालांच्या नात्यातला, दोन कशाभिकांच्या म्हणजे चाबकासारख्या तंतूंच्या साहाय्याने पोहणारा आहे. न्यूयॉर्क मत्स्यालयातील रोगतज्ज्ञ रॉस निग्रेली यांनी १९३६ मध्ये त्याचे जीवनचक्र सविस्तर मांडले. हा परजीवी प्रथम माशाला चिकटून त्याच्या पेशींवर पोसला जातो, मग गळून तळाशी कवच धारण करतो, कवचाच्या आत विभागत जाऊन त्याचे २५६ पर्यंत बीजाणू बनतात आणि ते नव्या माशाच्या शोधात बाहेर पडतात.

दुसऱ्या रोगाची, म्हणजे समुद्री ‘व्हाइट स्पॉट’ची, नोंद जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ च्या सुमारास केली होती; त्याच्या कारक परजीवीला क्रिप्टोकॅरियन इरिटान्स हे नाव १९५१ मध्ये ब्राउन यांनीच दिले. दोन्ही मोठ्या साथींच्या परजीवींना एकाच अभ्यासकाकडून नावे मिळावीत, ही या विषयाच्या इतिहासातील लक्षणीय बाब आहे आणि त्या मानाने ब्राउन यांचा उल्लेख हौशी मत्स्यपालकांच्या साहित्यात फारच कमी आढळतो. त्याच १९५१ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि समुद्री मासे केवळ मासळीबाजारात पाहिलेल्या अनेक मराठी कुटुंबांना ते काचेआड पोहताना दिसू लागले.

हे दोन्ही रोग ओळखण्यात होणारी गफलत महागात पडते. व्हाइट स्पॉटमध्ये अंगावर व परांवर रव्याच्या कणांएवढे, वेगवेगळे मोजता येतील असे पांढरे ठिपके उठतात, मासा दगडावर अंग घासतो आणि तीन ते सात दिवसांत ठिपके आपोआप नाहीसे होतात. मालकाला वाटते की मासा बरा झाला. प्रत्यक्षात पूर्ण वाढलेले परजीवी गळून तळाशी गेलेले असतात आणि तेथील कवचांतून शेकडो नवी पिल्ले बाहेर येण्याच्या बेतात असतात. व्हेल्व्हेटमध्ये मात्र हल्ला बहुधा आधी कल्ल्यांवर होतो, त्यामुळे अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकू लागतो, खाणे सोडतो आणि पाण्याच्या झोताशी जाऊन थांबतो. बाजूने बॅटरीचा उजेड पाडला तर अंगावर पिवळसर भुकटीचा बारीक थर दिसतो. हा थर स्पष्ट दिसेपर्यंत पुष्कळदा उपचाराची वेळ टळून गेलेली असते.

उपचारांच्या इतिहासातील निर्णायक टप्पा सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात आला. तेथील रॉबर्ट डेम्प्स्टर यांनी १९५५ मध्ये ऊडिनियमवरील इलाज म्हणून कॉपर सल्फेटचा वापर प्रसिद्ध केला. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. महाराष्ट्रातील द्राक्षबागायतदार बुरशीविरुद्ध चुन्यासोबत बोर्डो मिश्रणात वापरतात तोच हा पदार्थ. तांबे कवचातील किंवा माशाला चिकटलेल्या परजीवीला फारशी इजा करीत नाही. ते मारते ते मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून एकदाच मोठी मात्रा देऊन भागत नाही, तर दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढे तांबे दोन-तीन आठवडे अखंड टिकवून धरावे लागते. प्रमाण घटले तर परजीवी वाचतो, वाढले तर मासाच दगावतो. शिवाय प्रवाळाची वाळू व चुनखडीचे दगड पाण्यातील तांबे शोषून घेतात आणि कोळंबी, शिंपले, प्रवाळ यांना तर ते विषच ठरते. तांब्याचे प्रमाण रोज मोजण्याची आणि रिकाम्या, वाळूविरहित टाकीत उपचार करण्याची शिस्त या अडचणींतून आली.

साठच्या दशकात कृत्रिम समुद्री मीठ बाजारात आले, त्यामुळे समुद्रापासून दूरच्या घरांतही खाऱ्या पाण्याच्या टाक्या मांडणे शक्य झाले आणि या साथी मोठ्या मत्स्यालयांबाहेर घरोघरी पोहोचल्या. निग्रेली व जॉर्ज रुजिएरी यांनी १९६६ मध्ये न्यूयॉर्क मत्स्यालयातील क्रिप्टोकॅरियनच्या उद्रेकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे ऐंशीच्या दशकात इस्राएलमधील अँजेलो कोलोर्नी यांनी या परजीवीच्या वेळापत्रकाचाच उपयोग त्याच्याविरुद्ध करता येतो हे दाखविले. गळालेल्या परजीवीच्या कवचातून पिल्ले बाहेर पडण्यास काही दिवस लागत असल्याने माशांना दर तीन दिवसांनी, असे चार वेळा, स्वच्छ व कोरड्या केलेल्या नव्या टाकीत हलविले, तर औषधाचा थेंबही न वापरता साखळी तुटते. पाण्याची क्षारता, म्हणजे दर लिटरमधील मिठाचे प्रमाण, समुद्रातील सुमारे ३५ ग्रॅमवरून १६ ग्रॅमच्याही खाली उतरविण्याचा मार्ग त्यांनीच अभ्यासला. या उपायांमागे अनेक वर्षांचे सूक्ष्मदर्शकातील निरीक्षण आहे आणि डेम्प्स्टर यांच्या तांब्याइतकेच मोठे श्रेय त्याला द्यावयास हवे.

कमी क्षारतेचा हा उपाय व्हेल्व्हेटवर मात्र चालत नाही, कारण अॅमिलूडिनियम निमखाऱ्या पाण्यातही तग धरतो. निदान चुकले तर योग्य पद्धतीने केलेला उपचारही वाया जातो आणि दरम्यान मासे मरतात. कल्ल्याचा किंवा त्वचेवरील बुळबुळीत थराचा अगदी लहान नमुना काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे हाच संशय मिटविण्याचा खात्रीचा मार्ग आहे: क्रिप्टोकॅरियन सूक्ष्म रोमांच्या साहाय्याने संथपणे गरगरत राहतो, तर अॅमिलूडिनियम एका जागी घट्ट रुतून बसलेला दिसतो. साथीतून वाचलेल्या माशांना क्रिप्टोकॅरियनविरुद्ध काही काळ अंशतः प्रतिकारशक्ती मिळते, परंतु हौशी मत्स्यपालकाच्या हाती येईल अशी लस अद्याप नाही. म्हणून नवा मासा कितीही निरोगी दिसला तरी त्यास निदान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे, त्याच्या श्वासाची गती रोज पाहावी आणि मगच मुख्य टाकीत सोडावे.