डाळिंबाचं एकच घराणं

बिबवेवाडीत घर आणि मार्केट यार्डात काम, असा आमच्या भागातल्या पुष्कळांचा संसार आहे. माझाही तसाच. गुलटेकडीच्या फळबाजारात एका आडत्याच्या गाळ्यावर मी दिवाणजी आहे, शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहितो. पहाटे सांगोला, इंदापूर, पुरंदरकडचे क्रेट उतरतात आणि बोली सुरू होण्याआधी प्रतवारी होते. त्या लालभडक ढिगांकडे पाहताना बाजारातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं की हा बहुतेक माल एकाच घराण्यातला आहे, आणि ते घराणं आपल्या पुण्याचं आहे.

पूर्वी पुण्याच्या आसपास आळंदी जातीचं डाळिंब होई. सासवड रस्त्यावरच्या वडकी गावावरून त्याला वडकीही म्हणत. फळ मध्यम, दाणा गडद, चव आंबटगोड. पण बी दाताला लागणारं, कठीण. गणेशखिंडीच्या बागेत डॉ. जी. एस. चीमा यांनी या आळंदीच्या रोपांतून १९३६ साली एक झाड निवडलं. त्याचं बी मऊ होतं. एवढ्या एका गुणासाठी ते झाड राखलं गेलं. बरीच वर्षं ते ‘जीबीजी-१’ या कोरड्या नावानं ओळखलं जाई. १९७० साली त्याचं ‘गणेश’ असं बारसं झालं. पुढे दुष्काळी पट्ट्यात, कमी पाण्यावर, याच गणेशनं कित्येक घरांचा कर्जाचा डोंगर उतरवला. चीमांचं नाव आज यार्डात कुणाला ठाऊक नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डाळिंब बीपासून लावलं तर आईसारखं निघेलच असं नाही. म्हणून गुटी बांधतात: फांदीची साल गोल काढायची, ओलं शेवाळ लावून वर प्लास्टिक गुंडाळायचं, मुळं फुटली की फांदी कापून लावायची. म्हणजे नवं झाड हे जुन्याच झाडाचा तुकडा. हजारो एकरांत जणू एकच झाड उभं राहतं. बाजाराला हे सोयीचं, कारण सगळं फळ एकसारखं येतं.

गणेशचा दाणा मात्र फिका गुलाबी. परदेशी बाजाराला लाल दाणा हवा होता. तेव्हाच्या सोव्हिएत रशियाकडून आलेल्या ‘गुल-ए-शाह रेड’शी गणेशचा संकर झाला आणि त्या संततीतून राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं निवडलेला ‘भगवा’ २००३-०४ च्या सुमारास प्रसारित झाला. जाड, चकचकीत साल, टपोरा लाल दाणा, लांबच्या प्रवासात टिकणारं फळ. शेतकऱ्यांनी त्याला शेंदरी म्हटलं, अष्टगंधा म्हटलं, मस्तानी म्हटलं.

आणि त्याच काळात तेल्या आला. देशात या रोगाची पहिली नोंद १९५२ सालची, दिल्लीची. महाराष्ट्रातल्या बागांत त्यानं हाहाकार माजवला तो या शतकाच्या सुरुवातीला. हा जिवाणूजन्य रोग आहे. आधी पानावर तेल सांडल्यासारखा ओलसर ठिपका दिसतो, मग तो काळा पडतो. फळावर डाग खरखरीत होतो आणि साल इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखी तडकते. असं फळ मी रोज हातात घेतो. तडकलेल्या सालीखाली दाणा कधी कधी अगदी निरोगी असतो, तरी माल डागी ठरतो आणि पट्टीवर मला अर्ध्याहून कमी आकडा लिहावा लागतो. समोर उभ्या शेतकऱ्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

पावसात, दमट हवेत तेल्या भडकतो, म्हणून कुणी मृग सोडून हस्त बहार धरतात. पण रोगट झाडाची गुटी बांधली की रोग नव्या बागेत पोहोचलाच. शिवाय सगळी झाडं एका रक्ताची. एक बळी पडतं तर शेजारचं कशाला वाचेल?

उपाय याच घराण्याबाहेर शोधावा लागतो. सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रात, २००५ साली ते सुरू झाल्यापासून, हा शोध चालू आहे. हिमालयाच्या उतारांवर ‘दारू’ नावाचं रानडाळिंब होतं. ते इतकं आंबट, की त्याचा अनारदाणा करतात. दुसरं ‘नाना’, आमच्या सोसायट्यांच्या कुंड्यांतही दिसणारं ते बुटकं शोभेचं झाड. या दोघांचं रक्त भगवा आणि गणेशमध्ये मिसळून केंद्रानं ‘सोलापूर लाल’ ही जात काढली. ती ओळखली जाते लोह, जस्त आणि क जीवनसत्त्वासाठी. तेल्याचं उत्तर ती नव्हे. पण रान आणि बाग यांचं लग्न लागतं, हे तिनं दाखवलं.

आता मदतीला जनुकांचा नकाशाही आहे. डाळिंबाचा जनुकसंच चिनी शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केला. पुढे सोलापूरच्या केंद्रानं खुद्द भगव्याचा उलगडला. संकराचं रोप फळावर यायला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं. हव्या गुणाजवळची खूण सापडली, तर कोवळ्या पानाचा तुकडा तपासूनच रोप ठेवायचं की उपटायचं ते ठरवता येतं. तरीही तेल्याला पूर्ण दाद न देणारी बाजारी जात आज कुणाच्या हातात नाही.

ती येईल तेव्हा कदाचित थोडी फिकी असेल, थोडी आंबट असेल. माझी आडत्यांना एवढीच विनंती आहे, तिला पहिल्याच दिवशी डागी मालाच्या भावात काढू नका. आणि फळ घेणाऱ्यांनो, सालीचा रंग बघून पुढे जाऊ नका. दाणा चाखून बघा.