पौंडातले दोनशे चाळीस

काजूच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर गरांची रास ओतलेली असते आणि दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असतात. बोटं थांबत नाहीत. डागाळलेला गर बाजूला, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, अख्खा गर आकार बघून ज्याच्या त्याच्या टोपलीत. वजनकाटा जवळच असतो, पण एकेक गर तोलायला वेळ कुणाला? डब्ल्यू-२४० की डब्ल्यू-३२०, हे नजरच ठरवते.

हे आकडे कोकणातले नव्हेत. पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात काजू ब्राझीलहून आणला आणि गोव्याकडून तो वेंगुर्ले-मालवणच्या कातळउतारांवर पसरला. गराचं मोठं गिऱ्हाईक मात्र विसाव्या शतकात अमेरिकेत मिळालं, म्हणून मोजणी पौंडाची झाली. पौंडात २२० ते २४० गर बसले की डब्ल्यू-२४०, ३०० ते ३२० बसले की डब्ल्यू-३२०. देशाने १९५६च्या कायद्याने किलो स्वीकारला, काजूच्या टेबलावर पौंड तसाच राहिला. १९६३ साली निर्यातीच्या मालाच्या तपासणीचा कायदा आला आणि गरांच्या ३३ प्रती ठरल्या. खालच्या प्रतीचे नि तुटके गर मिळून ५ टक्क्यांच्या वर नकोत, ओलावाही ५ टक्क्यांच्या आत हवा.

आता हिशेब करून पाहा. २१० आणि २४० या प्रतींत गरामागे फरक जेमतेम पाव ग्रॅमचा. तो दिवसभर डोळ्यांनी पकडायचा! नमुन्यात टक्का चुकला की अख्खी रास पुन्हा टेबलावर येते, आणि जिथे मजुरी किलोवर मिळते तिथे त्या दुसऱ्या फेरीचे पैसे कोण देणार, हा प्रश्न त्या बायकांचाच होऊन बसतो. हे अन्यायाचं आहे. कारण दोष टेबलावर जन्मत नाही. भाजणी जास्त झाली की गर करपतो, कातर तिरकी बसली की पाकळी होते, टरफलाचा चीक लागला की डाग पडतो. साल सुटावी म्हणून गर भट्टीत वाळवतात, तेव्हा तो इतका ठिसूळ होतो की बोटाच्या दाबानेही फुटतो. मग पावसाळी हवेत उघडा राहिला, तर उलट ओलावा धरतो.

खरी प्रतवारी झाडावरच सुरू करायचं काम वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने केलं. १९५७ साली सुरू झालेल्या या केंद्राने १९८१मध्ये वेंगुर्ला-४ ही जात दिली. मिदनापूर रेड आणि शेजारच्या वेतोऱ्याचं झाड यांचा तो संकर. १९९७ साली वेंगुर्ला-७ आली. तिची बी सुमारे १० ग्रॅमची आणि गर थेट डब्ल्यू-१८० प्रतीचा.

पण बागेत या जातींच्या कलमांशेजारी गावठी झाडंही उभी असतात. मोसमात दोन्हींची बी एकाच पोत्यात पडते, पोतं व्यापाऱ्याकडून कारखान्यात जातं, आणि मोठे-लहान गर वेगळे करायला पुन्हा त्याच टेबलावर, त्याच बायकांपुढे येतं.