भोवरा, आवर्त, वळसा

भोवरा (पु.) : वाहत्या पाण्यात गरगर फिरणारा, मध्याशी खोलगट झालेला भाग. संस्कृतात आवर्त, जुन्या मराठीत वळसा हाही शब्द आढळतो.

वेगवान धार संथ पाण्याला घासून जाते, खडकावर किंवा पुलाच्या खांबावर आपटते, तेव्हा पाण्याला पीळ बसतो आणि भोवरा तयार होतो. त्याची ताकद किती असते, हे पारनेर तालुक्यातील निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात पाहावे. पुराच्या पाण्यात भोवऱ्याबरोबर फिरणाऱ्या दगडगोट्यांनी तिथला काळा बेसॉल्ट घासून घासून कोरला आहे. पाणी ओसरले की काठ गुळगुळीत झालेले, आत पोट फुगलेले खड्डे उघडे पडतात. काहींच्या तळाशी ते गोटे अजून असतात. या खड्ड्यांना रांजणखळगे हे नाव मिळाले, आणि त्याहून नेमके नाव सुचणे कठीण आहे.

भोवरा हा शब्द संस्कृत ‘भ्रमर’वरून प्राकृत ‘भमर’मार्गे आला. जुन्या लेखनातील ‘भोंवरा’वरचा अनुस्वार म्हणजे त्या ‘म’ची उरलेली खूण, 1962च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यात हाही गेला. मुळाशी ‘भ्रम्’ म्हणजे फिरणे हा धातू आहे. भोवती, भोवताल, भोवळ, भोवंडणे ही सगळी त्याचीच लेकरे. ‘निष्काळजीपणा भोवला’ यातील भोवणेही त्यातलेच : केलेले कर्म फिरून करणाऱ्यावरच आले.

पाण्याबाहेरही भोवरा बराच हिंडला आहे. आर ठोकलेला, जाळी गुंडाळून फेकायचा लाकडी भोवरा सर्वांना ठाऊक आहे. डोक्यावर केस गोल फिरतात त्या जागेलाही भोवराच म्हणतात, आणि दोन भोवरे असलेल्या मुलाची दोन लग्ने होणार, असे त्याला घरोघरी ऐकवले जाते. घोड्याच्या अंगावरचे भोवरे पाहून तो शुभ की अशुभ हे ठरवण्याचा प्रघात अश्वपरीक्षेत जुना आहे.

लाक्षणिक अर्थांत संतसाहित्याचा वाटा मोठा. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212) सातव्या अध्यायात मायेला नदी कल्पून रचलेले दीर्घ रूपक आहे. त्यात द्वेष हे आवर्त आहे आणि मत्सर हा वळसा. दोन विकारांना दोन वेगळे शब्द दिले आहेत आणि दोन्ही माणसाला आत ओढणारेच आहेत. आज मात्र वळसा निरुपद्रवी झाला आहे. ‘डोंगराला वळसा घालून जा’ म्हणताना पाणी कोणाच्या मनातही येत नाही. हा अर्थ हरवला याची हळहळ वाटते, कारण फिरणाऱ्या पाण्याला इतका घरगुती आणि नादमय शब्द आपल्याकडे दुसरा नाही.

आवर्ताची वाट वेगळी. भवभूतीने ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात करुण हाच एक रस मानला : भोवरा, बुडबुडा, लाट ही रूपे निराळी, पण ते सारे पाणीच, तसे इतर रस. तिथे आवर्तात भय नाही, केवळ रूपांतर आहे. मराठीतही या शब्दातली भीती ओसरली आणि ‘फिरून त्याच जागी येणे’ एवढाच अर्थ पुढे चालत राहिला. अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने होतात. त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन समेवर येते. शाळेत आवर्ती दशांश अपूर्णांक आणि आवर्तसारणी शिकवतात. शंख उजवीकडे वळलेला असेल तर दक्षिणावर्ती. आणि कालव्याच्या लाभक्षेत्रातील शेतकऱ्याच्या तोंडी तर हा शब्द रोजचाच. ‘उन्हाळी आवर्तन कधी सुटणार?’ या प्रश्नावर उभे पीक अवलंबून असते. धरणातून पाळीपाळीने सोडलेले ते पाणी.

वृत्तपत्री मराठीत भोवऱ्याचा वापर अतोनात होतो : ‘वादाच्या भोवऱ्यात’, ‘संशयाच्या भोवऱ्यात’. प्रतिमा मुळात चांगली आहे. माणूस स्वतः काही न करताही खेचला जातो, आणि काठावरच्यांना ते दिसत असूनही हात देता येत नाही, हे दोन्ही तिच्यात येते. म्हणूनच जोडीचे क्रियापद जपून निवडावे. भोवऱ्यात माणूस ‘सापडतो’; ‘अडकतो’ म्हटले की भोवऱ्याचे जाळे होते आणि ओढ नाहीशी होते. कर्जाची किंवा नैराश्याची ‘गर्ता’ही याच पंगतीला बसवली जाते, परंतु गर्ता म्हणजे खड्डा, तिच्यात पडायचे असते, फिरायचे नसते. ‘दुष्टचक्र’ फिरते खरे, पण ते चाकासारखे जागच्या जागी. फिरवत फिरवत खाली नेणे हा अर्थ हवा असेल तर भोवराच वापरावा.